तीट

फतेपुऱ्यातून ॲक्टिव्हावर डबा घेऊन येते.
बर्फ, मिठाचं पाणी आणि त्यात बुडालेला
पिवळ्या द्राक्षांचा घड.
इस्माईलभाई कोंबडी विकतात, अंडाशय मला फुकट.
दर वेळी विचारतात, "बेन, रिझल्ट आव्युं?"
बावीस वर्षं झाली. नाही आलं, भाई.

सयाजीगंज, दुसरा मजला. पंखा बंद.
पंखा असला की थेंब थरथरतो,
म्हणून मे महिन्यातही बंद.
मिलिमीटरभर मणी, त्यात सुई,
पिवळं सगळं धुरासारखं निघून जातं
आणि उरतो काचेचा फुगा,
डोळ्याला असल्या-नसल्यासारखा.
तो फोडायचा. हात बोलू लागले की थांबायचं.

आत एकोणचाळीस जोड्या.
मधल्या दोऱ्यातून दोन्हीकडे निघालेले केसाळ फास,
आणि जोडीतले दोघे चार-दोन जागी एकमेकांत अडकलेले,
वाटणीच्या आदल्या रात्री
कागद अदलाबदल करणाऱ्या भावंडांसारखे.
उल्काताई पहिल्या दिवशी म्हणाल्या,
गोऱ्या लोकांनी यांना नाव दिलंय
कंदिलाची काच पुसायच्या ब्रशाचं.
मला हसू आलं होतं.
आपल्याकडे रॉकेलचा दिवाही चिमणी, पाखरूही चिमणी.
पाखराच्या पोटात ब्रश निघाला तर नवल कसलं?

केंद्रकी मात्र दिसली नाही कधी.
प्रत्येक पेशीची ती चूल.
तिथूनच प्रथिनं शिजवायची भांडी बाहेर पडतात.
आणि इथे, जिथे एकवीस दिवसांचा स्वयंपाक मांडायचा,
तिथेच राख.
शेजारच्या पेशी डबा पोचवत असाव्यात.
'असाव्यात' उल्काताईंनी पेन्सिलीने लिहिलंय.
मला ते लगेच पटलं.
माझ्याही खोलीत गॅस नाही,
खालच्या ज्योत्स्नाबेनचा डबा येतो,
डाळ गोड, भाजी गोड, बावीस वर्षं.
कुणी विचारलं तर म्हणते, वेळ होत नाही.

मंगळवारी इस्माईलभाई जरा ओशाळले.
"आजे नानी छे, बेन. भूलथी कपाई गई."
सहा आठवड्यांची.
अंडी कसली, भिजवलेला रवा.
टाकून देणार होते.
मग चांदीचं रसायन घातलं, वर जिलेटीन,
काच तापवली, रंग मधासारखा चढू दिला.
अंगठा नेहमीप्रमाणे काळा.

एका इवल्याशा गुणसूत्राला चिकटून
एक गोल काळा ठिपका.

धूळ असेल. काच बदलली. भिंग पुसलं.
दुसऱ्या अंड्यात, तिसऱ्यात, नवव्यात,
तान्ह्या बाळाच्या गालावर
लावतात तशी तीट.

उल्काताईंना फोन केला. त्या आता पुण्याला, मुलाकडे,
ऐकू कमी येतं. दोनदा सांगितलं.
म्हणाल्या, "घाण असेल गं. परत कर."
केलं. परत होती.
तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा
बराच वेळ फक्त त्यांच्या टीव्हीचा आवाज.
मग म्हणाल्या, "म्हणजे पेटलेली असते. लहानपणी."

आणि मग?
कोण विझवतं?
की कुणी विझवत नाही, डबा यायला लागतो
आणि एक दिवस लक्षात येतं, काडेपेटी सापडत नाही?
हे वहीत लिहिलं नाही.

संध्याकाळी जिन्यात ज्योत्स्नाबेनने अंगठा पाहिला.
"आ शुं थयुं?"
"चांदी," म्हटलं. तिला वाटलं, थट्टा.
तिच्या कडेवरची नात माझा अंगठा धरून बसली,
सोडेना. रंग तिच्या हाताला लागला नाही.
तो लागत नाही कुणाला,
आठवडाभराने कातडीबरोबर जातो.

वहीत एवढंच आहे:
सहा आठवडे. एक. काळी. चांदीने.
आठव्याला बघायचं. दहाव्याला. बाराव्याला.
इस्माईलभाईंना सांगायचं,
दर आठवड्याला एक नानी.
या वेळी पैसे द्यायचे.